जुन्या सागवानी खिडक्यांतून येणारा गार वारा कसा अडवावा : पट्टी सर्वांत शेवटी

विदर्भातले जुने घर उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले असते. बारा-चौदा फुटांचे उंच छत, छतालगत भिंतीत ठेवलेले झरोके, समोरासमोरच्या मोठ्या खिडक्या आणि जाड भिंती ही सारी योजना मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की घरातली तापलेली हवा वर चढून बाहेर पडावी आणि रात्री बाहेरची हवा आत खेळावी यासाठी असते. डिसेंबर-जानेवारीत हीच योजना आपल्यावर उलटते. माणसांच्या, दिव्यांच्या आणि दिवसभराच्या उन्हाच्या उबेने किंचित तापलेली हवा झरोक्यांतून निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खिडक्यांच्या खालच्या फटींतून बाहेरची गार हवा आत खेचली जाते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा पहाटे खिडकीजवळच्या पलंगावर झोपणाऱ्याला फटीची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगावी लागत नाही.

या थंडीवर बहुतेक जण एकच उपाय करतात. हार्डवेअरच्या दुकानातून फोमची चिकटपट्टी आणायची आणि चौकटीला सगळीकडे चिकटवून मोकळे व्हायचे. महिनाभरात ती कुठे सुटते, कुठे दबून कागदासारखी होते, तर कुठे तिच्यामुळे कडीच लागत नाही आणि मग जी फट नव्हती तीही तयार होते. दोष पट्टीचा नसतो, क्रमाचा असतो. झुकलेली झडप, ढिली बिजागरी, काचेच्या कडेची सुटलेली लांबी (पुटी) आणि भिंतीपासून फारकत घेतलेली चौकट आधी दुरुस्त करावी लागते. पट्टीचे काम त्यानंतर जे थोडे उरते तेवढेच असते. या लेखातील क्रमही तसाच आहे. उदाहरण गज बसवलेल्या, दोन झडपांच्या आणि बाहेर उघडणाऱ्या सागवानी खिडकीचे घेतले आहे, कारण नागपूर, अमरावती, नाशिक, पुणे इथल्या जुन्या घरांत हीच खिडकी सर्वाधिक दिसते.

काम केव्हा काढावे

लाकूड ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, आणि ही हालचाल मुख्यतः त्याच्या रेषांच्या आडव्या दिशेने होते. साग इतर अनेक लाकडांपेक्षा कमी हलतो, म्हणून तर तो खिडक्यांना वापरतात; तरीही ऑगस्टमध्ये जी झडप गच्च बसते तीच जानेवारीत खडखडते. पावसाळ्यात झडप अडकू लागली की सुताराला बोलावून रंधा मारून घेण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि हिवाळ्यातील निम्म्या फटी या सवयीतूनच जन्मतात. ओल्या दिवसांत काढलेले लाकूड पुढे परत येत नाही. म्हणून रंधा हाती घ्यायचाच असेल तर पाऊस संपून लाकूड वाळल्यावर घ्यावा. कोजागिरीनंतरचे तीन-चार आठवडे या सगळ्या कामाला उत्तम असतात. दिवाळीची झाडलोट आणि रंगरंगोटी नाहीतरी सुरू असतेच, शिवाय दुपारची हवा उबदार असल्याने लांबी, रंग आणि चिकटपट्टी हे तिन्ही नीट धरतात.

वारा नेमका कुठून येतो

उत्तरेकडील आणि पूर्वेकडील खिडक्यांपासून सुरुवात करावी, कारण आपल्याकडे हिवाळी वारे प्रामुख्याने त्याच बाजूंनी येतात. थोडा वारा असलेली पहाट किंवा रात्र निवडावी, पंखे बंद करावेत, स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकणारा पंखा मात्र सुरू ठेवावा. तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि त्यामुळे प्रत्येक फटीतून हवा अधिक जोराने आत येते. आता उदबत्ती पेटवून ती खिडकीच्या कडेने अगदी सावकाश फिरवावी. धूर सरळ वर चढत असेल तिथे चिंता नाही. जिथे तो आडवा होतो किंवा थरथरतो तिथे पेन्सिलने खूण करावी. दोन झडपा जिथे मधोमध भेटतात ती उभी रेघ, चारही कोपरे, बिजागऱ्यांची बाजू, प्रत्येक तावदानाची कड आणि चौकट व भिंत यांचा सांधा ही पाच ठिकाणे वेगवेगळी तपासावीत, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पडदे आधी काढून ठेवावेत. उदबत्ती आणि पडदा यांची गाठ पडू देऊ नये.

दुसरी चाचणी कागदाची. वर्तमानपत्राची दोन बोटे रुंद पट्टी झडप आणि चौकट यांच्यामध्ये धरून कडी लावावी आणि पट्टी ओढून पाहावी. ती अडखळत निघाली तर झडप तिथे नीट टेकते आहे. विनासायास निसटली तर तिथे पोकळी आहे. दर वीतभर अंतरावर हे करून पाहिले की झडप कोणत्या कोपऱ्यात उचललेली आहे याचा नकाशाच समोर येतो.

पोकळीची जाडी मोजायला स्वयंपाकघरातील कणकेइतके चांगले साधन नाही. घट्ट मळलेल्या कणकेच्या सुपारीएवढ्या गोळ्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून चौकटीच्या खाचेत चार-सहा ठिकाणी ठेवाव्यात, झडप लावून कडी घालावी आणि पुन्हा उघडावी. चपटलेल्या गोळीची जाडी म्हणजेच त्या जागेची फट. ही मापे कागदावर खिडकीचे साधे चित्र काढून त्यावर लिहून ठेवावीत. पुढे पट्टी विकत घेताना हाच कागद दुकानात न्यायचा आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटत असेल तर साधा हिशेब करून पाहावा. चार फूट उंच आणि तीन फूट रुंद खिडकीचा घेर सुमारे ४.२ मीटर होतो, त्यात मधल्या उभ्या सांध्याचे १.२ मीटर मिळवले की ५.४ मीटर लांबीची फट झाली. ती सरासरी फक्त २ मिलिमीटर रुंद असली तरी तिचे क्षेत्रफळ १०८ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे भिंतीला चार इंच लांब आणि चार इंच रुंद असे भगदाड पाडून ठेवावे तेवढे ते झाले, आणि खोलीला अशा दोन-तीन खिडक्या असतात.

एक घोटाळा मात्र इथेच निस्तरला पाहिजे. कधी कधी फट नसतानाही खिडकीजवळ गार झोत जाणवतो. एकेरी काच रात्री झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन खाली ओघळते आणि पायांवर येते. फटीचा वारा आणि काचेचा वारा ओळखण्यासाठी एका रात्रीपुरते सगळे सांधे रंगाऱ्यांच्या कागदी चिकटपट्टीने बंद करून पाहावे. झोत थांबला तर दोष फटींचा. तरीही पायांना गार लागत राहिले तर काचेचा. काचेच्या दोषावर कितीही रबर लावले तरी उपयोग होणार नाही, त्याचा उपाय पुढे पडद्यांच्या भागात येईल.

झडप जागेवर आणणे

पहिले हत्यार रंधा नव्हे, खरवडणी. जुन्या खिडकीच्या खाचेत ऑइलपेंटचे थरावर थर साचलेले असतात, आणि पाच-सहा वेळा रंगवलेल्या चौकटीत झडप पूर्वीइतकी आत बसूच शकत नाही. बिजागरीच्या पात्यांवरही रंग चढलेला असतो, त्यामुळे ती पुरती मिटत नाही. खाच आणि बिजागऱ्या पटाशीने किंवा पत्र्याच्या खरवडणीने स्वच्छ केल्या की पुष्कळ फटी आपोआप निम्म्या होतात. हे काम करताना एक पथ्य पाळावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. रंग कोरडा घासू नये, पाण्याचा फवारा मारून ओला खरवडावा, नाकातोंडावर मास्क लावावा, खाली जुनी चादर अंथरावी, निघालेला भुगा ओल्या फडक्याने गोळा करावा आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

यानंतर बिजागऱ्या पाहाव्यात. झडप झुकलेली असेल तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात. फिरवले तरी ते आवळत नसतील तर भोक मोठे झाले आहे असे समजावे. त्यात आगपेटीच्या काड्या किंवा बांबूच्या बारीक काड्या सुतारी गोंदात बुडवून ठोकून बसवाव्यात, एक दिवस वाळू द्याव्यात, वर आलेली टोके कापावीत आणि पूर्वीपेक्षा अर्धा इंच लांब स्क्रू घालावा. झडप कडीच्या बाजूला कमी पडत असेल, म्हणजे कड आणि चौकट यांच्यात उभी फट दिसत असेल, तर बिजागरीच्या पात्यामागे जाड पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा तुकडा घालून झडप त्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर सरकवता येते. अडत असलेली झडप तासण्याआधीही हाच प्रयोग उलट करून पाहावा. बिजागरीची खाच पटाशीने किंचित खोल केली की रंध्याची गरज अनेकदा उरत नाही.

पीळ पडलेली झडप हा अवघड प्रकार आहे. तिचे तीन कोपरे टेकतात आणि चौथा उचललेला राहतो. ती सरळ करण्याच्या भानगडीत न पडता उचललेल्या कोपऱ्याजवळ आणखी एक कडी बसवावी आणि रोज रात्री तो कोपरा ओढून घ्यावा. दिसायला हे गावठी वाटेल, पण लाकूड कापून पीळ काढण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे.

कडी-कोयंड्याचे काम पाच मिनिटांचे असून सर्वांत दुर्लक्षित आहे. कडी लावल्यावरही हाताने ढकलून झडप हलत असेल तर कोयंडा किंवा कडी शिरते ते भोक चुकीच्या जागी आहे. ते खोलीच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकवले की कडी लावताच झडप चौकटीवर दाबून बसते. पुढे पट्टी बसवल्यावर हे माप पुन्हा थोडे बदलावे लागते, म्हणून आत्ताच स्क्रू पुरते आवळू नयेत.

झडपेची खालची आडवी पट्टी पावसाच्या माऱ्याने कुजलेली असू शकते. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते लोण्यात शिरल्यासारखे शिरले तर तेवढा भाग कापून त्या जागी सागाचा तुकडा बसवणे सुताराकडे सोपवावे. लहान खड्डे असतील तर लाकडाचा बारीक भुसा आणि पाण्याला टिकणारा गोंद कालवून भरता येतात. चौकटीवर मातीच्या बारीक नळ्यांसारखे वाळवीचे माग दिसले तर मात्र बाकी सगळे काम थांबवून आधी तिचा बंदोबस्त करावा. आतून पोखरलेल्या चौकटीला स्क्रूही धरत नाही आणि पट्टीही.

दोन झडपा मधोमध भेटतात तिथे जुन्या चांगल्या कामात एकमेकींवर बसणाऱ्या खाचा असतात. त्या झिजलेल्या किंवा मुळातच नसतील तर जी झडप नंतर बंद होते तिच्या बाहेरच्या अंगाला इंचभर रुंदीची उभी सागवानी पट्टी अशी बसवावी की ती अर्धा इंच दुसऱ्या झडपेवर येईल. बाहेरून येणाऱ्या वाऱ्याचा सरळ मार्ग त्यामुळे मोडतो, आणि पावसाळ्यातही तिचा फायदा होतो.

तावदाने आणि लांबी

काच बसवलेली लांबी वर्षानुवर्षांच्या उन्हाने तडकते आणि तुकड्यांनी गळते. तावदान बोटाने हलके ठोकल्यावर खुळखुळले तर तिथून हवा येते. सुटलेली लांबी पटाशीने काढावी. जी घट्ट आहे तिला हात लावू नये, कारण ती उकरताना काच फुटते. जाड हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये. उघडे पडलेले लाकूड घासून त्यावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा एक हात द्यावा, नाहीतर कोरडे लाकूड नव्या लांबीतील तेल शोषून घेते आणि ती लवकर तडकते. काच धरून ठेवणाऱ्या चुका (बारीक खिळे) गळाल्या असतील तर नव्या माराव्यात.

लांबी तयार मिळते, पण घरी मळलेली अधिक चांगली होते असे माझे मत आहे. पांढऱ्या खडूची चाळलेली पूड घेऊन तिच्यात हेच तेल थोडे थोडे घालत पोळीच्या कणकेसारखी मऊ, पण हाताला न चिकटणारी होईपर्यंत मळावी. अंगठ्याने कडेने दाबत भरावी आणि लांबीच्या पत्तीने एका दमात तिरकी ओढून घ्यावी, म्हणजे पाणी तिथे थांबत नाही. एक ते दोन आठवडे तिच्यावर साय धरू द्यावी आणि मग रंग लावताना ब्रश काचेवर दोनेक मिलिमीटर जाऊ द्यावा. ही रंगाची रेघ म्हणजे अजागळपणा नव्हे; काच आणि लांबी यांच्यातला केसाएवढा सांधा तिनेच बंद होतो. तडकलेली काच मात्र बदलूनच घ्यावी.

चौकट आणि भिंत

उदबत्तीचा धूर चौकटीबाहेर, गिलाव्याच्या कडेला आडवा होत असेल तर झडपेवर केलेले सगळे काम अपुरे ठरते. लाकूड आकसते, भिंत आकसत नाही, आणि पन्नास-साठ वर्षांत त्यांच्यात बोट शिरेल एवढी फट पडलेली मी पाहिली आहे. इथे आधी सैल गिलावा आणि धूळ ब्रशने काढावी. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतची फट अॅक्रिलिक सीलंटने भरावी, कारण त्याच्यावर रंग बसतो. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि ती चकाकणारी रेघ जन्मभर डोळ्यांत खुपते. फट त्याहून रुंद असेल तर नुसते सीलंट ओतत बसू नये. आत फोमची गोल दोरी किंवा ती न मिळाल्यास सुतळीचा पीळ ठासून पाठ तयार करावी आणि वरून सीलंटचा थर द्यावा.

वीट-माती-चुन्याच्या जुन्या भिंतीत अंगठ्याएवढी पोकळी असेल तर सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा वापरावा. एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू हे प्रमाण पुरते. सिमेंट जुन्या मऊ भिंतीपेक्षा कडक होते, ओलावा आत कोंडून ठेवते आणि काही वर्षांत आपल्याबरोबर भिंतीचा तुकडा घेऊनच सुटते. काम बाहेरच्या अंगापासून सुरू करावे. मात्र खालच्या चौकटीत पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली खाच किंवा भोक असेल तर ते बुजवू नये. थंडी अडवण्याच्या भरात हे भोक बुजते आणि पुढच्या पावसाळ्यात चौकट कुजते.

आता पट्टी

इथपर्यंत आल्यावर कणकेच्या गोळ्यांची चाचणी पुन्हा करावी. पूर्वी जिथे सहा मिलिमीटर फट होती तिथे आता दोन-तीन मिलिमीटर उरली असेल, आणि पट्टी या नव्या मापाने घ्यावी. दुकानात स्वस्त फोमची पट्टी आणि ईपीडीएम रबराची पट्टी असे दोन मुख्य प्रकार दिसतात. फोम एखाद-दोन हिवाळ्यांत चुरा होऊ लागतो. भाड्याच्या घरात किंवा एका हंगामाची नड भागवायला तो ठीक आहे. स्वतःच्या घरात ईपीडीएमच घ्यावे, कारण ते ऊन आणि पाऊस कितीतरी अधिक सोसते. या रबराच्या पट्ट्या त्यांच्या आडव्या छेदाच्या आकारावरून ओळखल्या जातात. ‘ई’ आकाराची चपटी पट्टी साधारण दोन-तीन मिलिमीटरच्या फटीला, ‘पी’ आकाराची तीन ते पाचला आणि पोकळ ‘डी’ आकाराची त्याहून मोठ्या फटीला योग्य ठरते. पट्टी फटीपेक्षा थोडी जाड हवी, म्हणजे दाबली गेल्यावर ती मूळ जाडीच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश राहील. जास्त जाड पट्टी अधिक चांगली हा समज चुकीचा आहे. तिच्या रेट्याने झडप मधोमध फुगते आणि कोपरे उघडे पडतात. एकाच खिडकीत वरच्या बाजूला ‘ई’ आणि खाली ‘पी’ लावण्याची वेळ आली तर खुशाल लावावी. फेल्टची जुनी पद्धतही चालते, पण ती फक्त आडोशाच्या, पाऊस न लागणाऱ्या खिडकीला, कारण ओले फेल्ट लाकूड कुजवते.

पट्टी चौकटीच्या खाचेत, झडप जिथे येऊन टेकते त्या पृष्ठभागावर चिकटवायची असते. आपल्या खिडक्यांना आतून गज असल्याने हात तिथवर नीट पोहोचत नाही. तळमजल्यावर बाहेरून उभे राहून काम करावे. वरच्या मजल्यावर गजांतून वाकडेतिकडे हात घालण्यापेक्षा किंवा सज्जावर चढण्यापेक्षा बिजागरीचे स्क्रू काढून झडप गजांमधून आत येत असेल तर आत घ्यावी आणि पट्टी झडपेच्याच आतल्या कडेवर टेबलावर ठेवून चिकटवावी. झडप आत येत नसेल तर हे काम सुताराला द्यावे. एका झोतासाठी जीव धोक्यात घालू नये.

लाकूड स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करावे. नवा रंग दिला असेल तर किमान आठवडा जाऊ द्यावा. दुपारच्या उबेत काम करावे, कारण गार लाकडावर गोंद धरत नाही. पट्टी ताणून लावू नये, ताणलेले रबर आकसते आणि कोपऱ्यात बोटभर जागा उघडी टाकते. कोपऱ्यात दोन्ही तुकडे तिरके कापून एकमेकांना भिडवावेत. बिजागरीच्या बाजूला पट्टी झडपेच्या दाबाने घासली जात असेल तर तिथे पातळ प्रकार वापरावा. शेवटी कोयंडा पुन्हा जुळवावा: कडी थोडा जोर लावून, पण एका हाताने लागली पाहिजे. घरातल्या वृद्धांना ती लावता येते का हे त्यांच्याकडूनच करवून पाहावे, कारण न लागणाऱ्या कडीमागची पट्टी असून नसल्यासारखीच.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा विचार थोडक्यात पुरे. त्यांत काठाने बसवलेली केसाळ पट्टी झिजते. जुनी ओढून काढून त्याच रुंदीची, पण किंचित उंच केसांची नवी सरकवावी, खालच्या खाचेतील धूळ काढावी, चाके झिजली असतील तर बदलावीत आणि पाणी जाण्याची भोके उघडी ठेवावीत.

कूलरची खिडकी आणि झरोके

नागपूर-अकोल्याकडच्या घरांतले सर्वांत मोठे छिद्र कोणते, हे विचारले तर मी कूलरच्या खिडकीकडे बोट दाखवीन. उन्हाळ्यात बसवलेला कूलर वर्षभर तिथेच राहतो, आणि तीन बाजूंना वाळ्याचे किंवा गवताचे तट्टे असलेली ती पेटी हिवाळ्यात अख्खा उत्तरेचा वारा घरात आणून सोडते. शक्य असेल तर कूलर काढून झडपा बंद कराव्यात. ते जमत नसेल तर टाकी रिकामी करून कोरडी करावी, बाहेरून ताडपत्री बांधावी आणि खोलीच्या बाजूने उघड्या भागाच्या मापाची पातळ प्लायची फळी, तिच्या कडेला फोमची पट्टी लावून, दोन वळत्या खिट्ट्यांनी बसवावी. फळीमागे थर्माकोल लावला तर ऊब अधिक टिकते, पण तो झटकन पेट घेतो, म्हणून देवघराजवळच्या किंवा दिव्याजवळच्या खिडकीत लावू नये.

झरोके कायमचे बंद करू नयेत. मार्चनंतर तेच घर वाचवतात. त्यांच्या मापाचे फळीचे किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याचे झाकण हुकांवर अडकवता येईल असे करून घ्यावे. बसवण्यापूर्वी आत चिमण्यांचे घरटे नाही ना हे पाहावे.

काचेची थंडी : पडदा आणि गोधडी

काचेवरून ओघळणाऱ्या गार हवेला पडदा अडवतो, पण तो नीट लावला तरच. वर मोकळा आणि खाली लोंबता पडदा उलट काम करतो. खोलीतली उबदार हवा वरून त्याच्यामागे शिरते, काचेला लागून गार होते आणि खालून बाहेर पडते. म्हणून पडद्याचा वरचा भाग भिंतीला टेकलेला किंवा फळीने झाकलेला हवा, बाजू भिंतीवर वीतभर जाव्यात आणि खालची कड चौकटीच्या चांगली खाली यावी. या कामासाठी घरातली जुनी गोधडी फार उपयोगी पडते. लुगड्यांचे सात-आठ थर आणि त्यांत अडकलेली हवा एवढी ऊब बाजारातील कोणताही देखणा पडदा देत नाही. वरच्या कडेला नेफा शिवून ती जाड दांडीवर घालावी, मात्र दांडीचे ब्रॅकेट भिंतीत पक्के हवेत, कारण गोधडीचे वजन बरेच असते.

उजेड हवा असेल तिथे चौकटीच्या आतल्या अंगाला दुहेरी चिकटपट्टीने पारदर्शक प्लास्टिक ताणून लावावे. काच आणि प्लास्टिक यांच्यामध्ये दीड-दोन सेंटिमीटर हवेचा थर राहिला की एकेरी काचेचे काम जवळपास दुहेरी काचेसारखे होते. फुगेदार पॅकिंगचे प्लास्टिक काचेवर पाण्याचा फवारा मारून नुसते दाबले तरी चिकटून राहते. ते दिसायला बरे नाही, पण न्हाणीघराच्या किंवा अडगळीच्या खिडकीला कोण पाहतो?

दिवसा मात्र दक्षिणेकडील पडदे पूर्ण उघडावेत. नागपुरात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन खिडकीतून खोलवर फरशीपर्यंत येते. साधारण अकरा ते चार ते आत घ्यावे आणि सूर्य कलताच खिडक्या-पडदे बंद करावेत. जाड भिंतींनी साठवलेली ही ऊब रात्री मिळते.

काय बंद करू नये

खिडक्या घट्ट झाल्या की घराचे नियम बदलतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो जीव घेऊ शकतो. आजवर अशा शेगडीने ज्या घरात काही झाले नाही, त्या घराला आजवर फटींनीच वाचवले असेल. गॅसचा गिझर असलेल्या न्हाणीघराचा झरोका कोणत्याही कारणाने बुजवू नये. स्वयंपाकघरातही वरचा झरोका आणि जमिनीलगतची हवेची वाट दोन्ही उघड्या असाव्यात, कारण गळलेला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो. झोपण्याच्या खोलीत, विशेषतः तीन-चार माणसे झोपत असतील किंवा डासांची उदबत्ती लावली जात असेल तर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा एक झरोका चार बोटे उघडा ठेवावा. डोक्यावरून वाहणारी ती थोडी हवा अंगाला लागत नाही. आणि ज्या खिडकीतून आग लागल्यास बाहेर पडता येते, ती खिळे ठोकून किंवा सीलंट भरून कधीही बंद करू नये.

होळीच्या सुमारास काचेवरचे प्लास्टिक, झरोक्यांची झाकणे आणि कूलरची फळी काढावी, प्रत्येकावर कोणत्या खिडकीचे आहे ते खडूने लिहावे आणि मापांचा तो कागदही त्यांच्याबरोबर माळ्यावर ठेवावा. रबराच्या पट्ट्या काढायच्या नसतात. उन्हाळ्यात त्याच लू आणि धूळ अडवतात.